पन्नाशीतील शतकवीर

कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या काठी तालमींची परंपरा फार जुनी आहे. पाटण, कऱ्हाड, सांगली या भागात जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचे फड रंगतात आणि लाल मातीत पिळदार शरीराचे जवान एकमेकांशी झुंजतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीचे कांस्यपदक मिळविले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. मल्ल असो वा मुष्टियोद्धा, त्याच्या सामर्थ्याचा ऐन बहर विशी-तिशीतच असतो. पुढे स्नायूंतील जोर हळूहळू ओसरू लागतो, डोळ्यांनी पाहिले की हात तत्काळ उठत नाही आणि लागलेला मार भरून येण्यास अधिक दिवस लागतात. म्हणूनच पस्तिशी उलटलेल्या खेळाडूला लोक निवृत्त होण्याचा सल्ला देतात. हा सल्ला नेहमीच योग्य असतो काय? पुण्याच्या एका प्राध्यापकाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या खेळाने दिले. त्यांचे मैदान आखाड्याचे नव्हे, क्रिकेटचे होते. परंतु वयाशी झालेली त्यांची झुंज कोणत्याही मल्लाला शोभेल अशीच होती.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुणे येथे झाला. १९११ साली ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये उतरले. पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे अध्यापन करू लागले. एकीकडे विद्येची उपासना आणि दुसरीकडे खेळाची, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच निष्ठेने सांभाळल्या. त्या काळी मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन अशा संघांचे सामने होत. त्यांत देवधर हिंदू संघाकडून खेळत.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून एम. सी. सी. चा संघ भारतात आला. मुंबईच्या सामन्यात अखिल भारतीय संघातर्फे देवधरांनी १४८ धावा काढल्या. भारतीय खेळाडू इंग्रजांच्या बरोबरीने खेळू शकतात, हे अशा खेळींनी सर्वांना दिसून आले. सहा वर्षांनी, १९३२ साली, भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला निघाला. ज्यांनी हा दिवस उगवण्यास हातभार लावला, त्या देवधरांना मात्र त्या संघात स्थान मिळाले नाही. त्यांनी चाळिशी गाठली होती आणि तेच वय त्यांच्या आड आले. केवढा हा आघात! दुसरा कोणी असता, तर त्याने मन कडू करून घेतले असते आणि बॅट अडगळीत टाकली असती. देवधर खेळत राहिले.

१९३४ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. महाराष्ट्राच्या संघाची धुरा देवधरांकडे आली. त्यांच्या हाताखाली नव्या दमाचे तरुण होते. सांगलीला जन्मलेले विजय हजारे त्यांच्याहून तेवीस वर्षांनी लहान. या हजाऱ्यांनी १९३९-४० च्या हंगामात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. त्या वर्षी महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी, १९४०-४१ मध्ये, तो पुन्हा राखला. कर्णधार देवधर तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभे होते.

तरुणांच्या पराक्रमाच्या सावलीत विसावणारे ते कर्णधार नव्हते. १९४०-४१ च्या हंगामात मुंबईच्या बलाढ्य संघाशी पुण्यास गाठ पडली. त्या सामन्यात मुंबईच्या ६५० धावा झाल्या आणि महाराष्ट्राच्या ६७५. या अटीतटीच्या लढतीत देवधरांनी एकट्याने २४६ धावा काढल्या. त्यांच्या साऱ्या आयुष्यातील हीच सर्वोच्च खेळी होय. पुढे १९४४-४५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यानंतर, नवानगरविरुद्धच्या सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके झळकाविली. १९४६ साली ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या खेळाला पस्तीस वर्षे झाली होती.

हे कसे घडले? वय देवधरांनाही चुकले नव्हते. विशीतील चपळाई पन्नाशीत कोणालाच परत मिळत नाही. परंतु अनुभवी फलंदाज गोलंदाजाच्या हाताकडे पाहूनच चेंडूचा रोख ओळखतो. कोणता चेंडू टोलवावा आणि कोणता सोडून द्यावा, हे त्याला कळते. त्यामुळे त्याची शक्ती वाया जात नाही. दिवसभर उन्हात धावण्याइतके शरीर सुदृढ राखले, तर चपळाईची उणीव जाणतेपणाने पुष्कळशी भरून निघते. मुष्टियुद्धासारख्या कठोर खेळातही क्वचित असे घडते. अमेरिकेचे जॉर्ज फोरमन यांनी १९९४ साली, वयाची पंचेचाळीस वर्षे पूर्ण झालेली असताना, आपल्याहून कितीतरी तरुण प्रतिस्पर्ध्याला नमवून जगज्जेतेपद पुन्हा मिळविले. प्रतिस्पर्ध्याच्या वेगाशी त्यांनी स्पर्धा केली नाही. मार सोसत ते संधीची वाट पाहत राहिले आणि ती येताच नेमका ठोसा लगावला.

देवधरांना कसोटी सामना मात्र कधीच खेळता आला नाही. १९३६ नंतर भारताचा कसोटी सामना झाला तो थेट १९४६ साली, आणि नेमकी हीच दहा वर्षे त्यांच्या उत्तरायुष्यातील पराक्रमाची होती. गेलेली संधी पराक्रमानेही परत येत नाही, हे सत्य त्यांच्या चरित्रात आहे. तरीही त्यांचा पराक्रम उणा ठरत नाही.

निवृत्तीनंतरही देशाने त्यांचे स्मरण ठेविले. १९६५ साली त्यांना पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण हे किताब देण्यात आले. १९७३-७४ मध्ये त्यांच्या नावाने देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली. त्यांच्या कन्याही बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी देवधर पुणे येथे निधन पावले.

मुलांनो, प्रत्येक खेळाडूला पन्नाशीपर्यंत मैदान गाजविता येईलच असे नाही. शरीराला मर्यादा असतात आणि त्या ओळखणे यातही शहाणपण आहे. परंतु आपली वेळ संपली किंवा नाही, हे केवळ जन्मतारखेवरून ठरवू नये. देवधरांनी ते धावफलकावर ठरू दिले.