उस्ताद अल्लादिया खाँ

मुलांनो, तेरा-चौदा वर्षांच्या सुमारास मुलांचा आवाज फुटतो. गळ्यातील स्वरतंतू लांब व जाड होतात, त्यामुळे आवाज खाली उतरतो. हा बदल निसर्गाचा आहे. पण नामवंत गवयाचा आवाज अचानक गेला तर त्याने काय करावे? अल्लादिया खाँ यांच्यावर हीच वेळ आली.

त्यांचा जन्म 1855 साली राजस्थानातील उनियारा येथे गवयांच्या घराण्यात झाला. वडील लवकर वारले. चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांना गाणे शिकवले. रियाज (हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नको!) तासन्‌तास चाले. हळूहळू दरबारांतून त्यांचे नाव झाले.

मध्य भारतात आमलेटा नावाचे लहान संस्थान होते. तेथील संस्थानिकाला गाण्याचे भारी वेड. तो खाँसाहेबांना रोज गायला बसवी. गाताना स्वरतंतू एकमेकांवर सतत आपटत असतात. विश्रांती मिळाली नाही, की ते सुजतात. खाँसाहेबांचा आवाज बसला, तो लवकर सुटलाच नाही. सुमारे दोन वर्षे ते गाऊ शकले नाहीत. ज्याचे पोट गळ्यावर, त्याला ही दोन वर्षे केवढी वाटली असतील!

पुढे आवाज परत आला, पण तो पूर्वीचा नव्हता. गोडवा कमी झाला होता. दुसरा एखादा जुना आवाज शोधत बसला असता. खाँसाहेबांनी मात्र नव्या आवाजाला पेलेल असे गाणे घडवले. संथ लय, पेचदार ताना, फारसे कोणी न गाणारे राग, हे त्या गाण्याचे विशेष. याच गायकीला पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणू लागले. माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी होय.

1895 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी ठेवले. महाराज 1922 मध्ये वारले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईत राहू लागले. तेथेच 16 मार्च 1946 रोजी त्यांचे निधन झाले.

गोव्याच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. बिघडलेल्या गळ्यासाठी घडलेली गायकी या दोघींच्या निकोप गळ्यांत फुलली. 1977 मध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ यानांतून पृथ्वीवरचे निवडक संगीत अवकाशात पाठवले. त्यात केसरबाईंची भैरवी आहे.