हरी नारायण आपटे

हरी नारायण आपटे (जन्म : ८ मार्च, १८६४, पारोळे, खानदेश, मृत्यू : ३ मार्च, १९१९, पुणे) हे मराठी कादंबरीकार, कथालेखक, नाटककार आणि 'करमणूक' या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक होते. मराठीतील वास्तववादी सामाजिक कादंबरीचे ते प्रवर्तक मानले जातात. ऐतिहासिक कादंबरीलाही स्थिर रूप त्यांनीच दिले. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ते 'हरिभाऊ' या नावाने परिचित आहेत.

== बालपण आणि शिक्षण ==

आपटे यांचे बालपण मुंबईत गेले. पुढे कुटुंब पुण्यास आल्यावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्यासारखे शिक्षक त्यांना तेथे लाभले. चिपळूणकरांचे १८८२ मध्ये निधन झाले, तेव्हा विद्यार्थिदशेतील आपट्यांनी 'शिष्यजनविलाप' ही विलापिका रचली. १८८३ मध्ये ते प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले. मात्र गणितात गती नसल्यामुळे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले आणि पदवी मिळाली नाही.

पदवीवाचून राहिलेल्या या विद्यार्थ्याचे वाचन मात्र पदवीधरांना मागे टाकणारे होते. कालिदास आणि भवभूती यांची नाटके, शेक्सपिअर, स्कॉट, डिकन्स, थॅकरे आणि त्या काळी हिंदुस्थानात अतिशय खपणारा रेनल्ड्स असे त्याचे क्षेत्र होते. त्यात उच्च आणि हलके असा भेद त्यांनी पाळलेला दिसत नाही, आणि ही गोष्ट पुढे त्यांच्या उपयोगी पडली. कथानक कसे लांबवावे आणि वाचकाला पुढच्या अंकापर्यंत कसे धरून ठेवावे, हे रेनल्ड्सकडून शिकण्यासारखे होते. माणूस कसा पाहावा हे डिकन्स-थॅकरेंकडून.

वाचलेल्या पुस्तकाशी वाद घालण्याची त्यांची सवयही याच काळातील. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा विशीच्या आतबाहेर असलेल्या आपट्यांनी 'निबंधचंद्रिका' मासिकात त्यावर ७२ पृष्ठांचे परीक्षण लिहिले. ज्यांना गुरू मानले त्यांच्याच भाषांतराची इतकी सविस्तर चिकित्सा करणे त्या काळात धाडसाचे होते. आगरकरांच्या सामाजिक विचारांविषयीचा त्यांचा आदर त्यामुळे उणावला नाही.

गोविंद वासुदेव कानिटकर आणि काशीबाई कानिटकर या दांपत्याशी त्यांचा दीर्घकाळ स्नेह होता. कानिटकरांनी मिल्लच्या स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील निबंधाचे मराठी रूपांतर केले होते, तर काशीबाई स्वतः लेखिका होत्या. या मंडळींत पुस्तकांचे वाचन, चर्चा आणि पत्रव्यवहार सतत चाले. सुशिक्षित स्त्रीशी बरोबरीच्या नात्याने साहित्यचर्चा करण्याचा हा अनुभव त्या पिढीतील फार थोड्या पुरुष लेखकांना होता. 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीतील स्त्रीच्या निवेदनाचा विचार करताना तो ध्यानात घ्यावा लागतो. पुढे काशीबाईंनीच आपट्यांचे चरित्र लिहून त्यांचा पत्रव्यवहार प्रकाशात आणला.

== आनंदाश्रम ==

आपट्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई उच्च न्यायालयातील वकील होते. त्यांनी संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह व ग्रंथप्रकाशन यांसाठी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत पाहिली. अशा रीतीने दिवसाचा बराच भाग पोथ्या, मुद्रिते आणि छापखाना यांत जाई; कादंबरीलेखन त्याच्या जोडीने चाले. लेखनासाठी वेगळी फुरसत त्यांना कधी मिळाली नाही.

== 'करमणूक' ==

त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' १८८५ मध्ये 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. रेनल्ड्सच्या कादंबरीचा आराखडा समोर ठेवून लिहिलेल्या या कथेत पुण्याच्या तत्कालीन समाजातील व्यसने आणि ढोंग यांचे चित्रण आहे. त्यानंतरची 'गणपतराव' अपुरी राहिली.

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. 'केसरी' आणि 'सुधारक' ही पत्रे निबंधांतून जे समाजापुढे मांडत होती, तेच घरातल्या सर्वांना वाचता येईल अशा मनोरंजक रूपाने मांडावे, ही त्यामागची भूमिका होती. कादंबरीचे प्रकरण, गोष्टी, चरित्रे, शास्त्रीय माहिती, कविता असा मजकूर त्यात असे आणि त्यातील मोठा भाग स्वतः संपादकच लिहीत. हे पत्र १९१७ पर्यंत, म्हणजे सुमारे २७ वर्षे चालले.

== लेखनाची शिस्त आणि तिची किंमत ==

आपट्यांच्या बहुतेक कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने लिहिल्या गेल्या. आठवडा भरला की प्रकरण तयार असावेच लागे. स्फूर्तीची वाट पाहण्याची सोय नव्हती. अनेकदा दोन कथानके एकाच वेळी चालू असत. 'यशवंतराव खरे' (१८९२–९५) चालू असतानाच 'मी' (१८९३–९५) सुरू झाली; 'जग हें असें आहे' (१८९७–९९) या सामाजिक कथेबरोबर 'केवळ स्वराज्यासाठी' (१८९८–९९) ही ऐतिहासिक कथा चालली. एका बाजूला पुण्यातील मध्यमवर्गीय घर आणि दुसऱ्या बाजूला शिवकाल अशी ही दुहेरी लेखणी वर्षानुवर्षे चालत राहिली.

या पद्धतीचे दोष त्यांच्या ग्रंथांत उघड दिसतात. कथानके पसरट होतात, निवेदक मध्येच थांबून वाचकाला उपदेश करतो, उपकथानके मूळ कथेला मागे टाकतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अपूर्ण राहिलेल्या कादंबऱ्यांची संख्या. 'आजच', 'मायेचा बाजार', 'कर्मयोग' या सामाजिक आणि 'सूर्यग्रहण', 'कालकूट' या ऐतिहासिक कादंबऱ्या पुऱ्या झाल्या नाहीत. हाती घेतलेले तडीस नेण्याआधी नवे सुरू करण्याची सवय आणि अंगावर घेतलेली सार्वजनिक कामे, दोन्ही त्याला कारण झाली असावीत.

तरीही केवळ दोष दाखवून हा विषय संपत नाही. साप्ताहिकाचे बंधन नसते तर महाविद्यालय अर्धवट सोडलेल्या, एका संस्थेचा कारभार सांभाळणाऱ्या या गृहस्थाच्या हातून एवढे लेखन झाले असते, असे मानणे कठीण आहे. शिवाय रेंगाळणाऱ्या हप्त्यांमुळेच त्यांना घरातील बारीकसारीक प्रसंग, बायकांची बोली, जेवणाच्या पंगती, सासू-सुनांचे संवाद यांना जागा देता आली. त्यांच्या वास्तववादाचे बळ नेमके तेथे आहे. पूर्वीच्या 'मुक्तामाला'सारख्या (१८६१) अद्भुतरम्य कादंबऱ्यांत अशा तपशिलाला स्थान नव्हते. 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये विधवांची दुःखे होती, पण तिचा हेतू धर्मप्रचाराचा होता. आपट्यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना 'आजकालच्या गोष्टी' असे साधे नाव दिले, आणि त्यात त्यांची वाङ्मयविषयक भूमिका आलेली आहे: कथा दूरच्या राजपुत्राची नसून शेजारच्या घरातली असावी.

== प्रमुख कादंबऱ्या ==

'पण लक्षात कोण घेतो!' ही 'करमणूक'च्या आरंभापासून प्रसिद्ध होऊ लागली व १८९३ मध्ये पूर्ण झाली. यमुना ही तरुण स्त्री आपली हकिकत स्वतः सांगते. बालपण, लवकर झालेले लग्न, सासरचा जाच, सुधारक मनाच्या पतीबरोबर मुंबईत मिळालेले थोडे मोकळे दिवस, अकाली वैधव्य आणि सक्तीचे केशवपन असा तिचा प्रवास आहे. लेखक कोणताही सिद्धान्त मांडीत नाही. यमुनेच्या साध्या, घरगुती भाषेतून वाचकच निष्कर्षास येतो. स्त्रीच्या मुखाने इतकी दीर्घ कथा सांगण्याचा प्रयोग मराठीत तोवर झालेला नव्हता.

'मी' ही भावानंद या तरुणाची आत्मकथनात्मक कादंबरी आहे. समाजसेवेला वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आश्रमाची कल्पना तिच्यात आढळते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज १९०५ मध्ये, म्हणजे या कादंबरीनंतर दहा वर्षांनी स्थापन केला, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. गोखले आणि आपटे यांचा निकटचा स्नेह होता.

ऐतिहासिक कादंबऱ्यांपैकी 'म्हैसूरचा वाघ' ही मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. 'उषःकाल' (१८९५–९७) पासून मात्र ते स्वतंत्र रचनेकडे वळले. 'गड आला पण सिंह गेला' (१९०३) ही सिंहगडावरील तानाजी मालुसऱ्याच्या पराक्रमाची कथा सर्वाधिक वाचली गेली; बाबूराव पेंटर (१९२३) व व्ही. शांताराम (१९३३) यांच्या 'सिंहगड' चित्रपटांना तिचाच आधार होता. मौर्यकाळावरील 'चंद्रगुप्त' आणि विजयनगरच्या विनाशावरील 'वज्राघात' (१९१३–१५) यांचा विषय महाराष्ट्राबाहेरचा आहे. 'वज्राघात' रचनेच्या दृष्टीने त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत सर्वांत घट्ट म्हणावी लागेल.

== कथा, नाटके व इतर लेखन ==

चालू कादंबरीच्या जोडीने दिलेल्या सुट्या कथांना त्यांनी 'स्फुट गोष्टी' म्हटले. नाव सहज दिलेले असले तरी मराठी लघुकथेचा आरंभ या गोष्टींत शोधला जातो. दुष्काळात सापडलेल्या गरीब कुटुंबाची 'काळ तर मोठा कठीण आला' ही त्यांतील विशेष प्रसिद्ध कथा.

नाटकांत त्यांचे मन वाचनातून आलेल्या कृतींवर अधिक रमले. मोल्येरच्या प्रहसनांवरून 'मारून मुटकून वैद्यबोवा' व 'जबरीचा विवाह', शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'वरून 'सुमतिविजय' ही रूपांतरे त्यांनी केली. 'संत सखूबाई' हे स्वतंत्र नाटक आहे. रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'चा त्यांनी मराठी अनुवादही केला. नाटककार म्हणून त्यांची योग्यता कादंबरीकाराइतकी नाही.

== अकोला संमेलन आणि विदर्भ ==

१९१२ चे साहित्य संमेलन वऱ्हाडात अकोला येथे भरले आणि पुण्याच्या या कादंबरीकाराकडे त्याचे अध्यक्षपद आले. त्या वेळी अकोला जिल्ह्याचा विस्तार आजच्यापेक्षा बराच मोठा होता. १९०५ मध्ये वाशीम जिल्ह्याचा बराच भाग अकोल्यात विलीन करण्यात आला होता. त्यामुळे अकोला–वाशीम मार्गावरील मालेगाव व त्याभोवतीचा मुलूख याच जिल्ह्यात मोडे. १९९८ मध्ये वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मालेगाव हा त्याचा एक तालुका आहे. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, तर मध्य प्रांताशी जोडलेला होता. राज्यकारभाराने विभागलेल्या मराठी वाचकांना जोडणाऱ्या थोड्या गोष्टींत अशी संमेलने आणि टपालाने येणारी नियतकालिके होती.

== अखेरची वर्षे ==

१९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत मराठी भाषेवर व्याख्याने देण्याचा मान त्यांना मिळाला. ज्या विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नव्हती, त्यानेच हे निमंत्रण दिले. पुणे नगरपालिकेचे ते अनेक वर्षे सभासद आणि काही काळ अध्यक्ष होते. १९१७ मध्ये 'करमणूक' बंद पडले. त्याच वर्षी 'कर्मयोग'चे लेखनही थांबले. ३ मार्च, १९१९ रोजी, पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, पुण्यात त्यांचे निधन झाले.