पापिनची झडप आणि आमची गच्ची

अकोल्याजवळ आमचं घर बांधलं तेव्हा सोलरवरून घरात वाद झाला. पाण्याची टाकी उघड्या व्हेंट पाइपची घ्यायची की पूर्ण बंद, प्रेशरची? बाबांना शॉवरला जोर हवा, म्हणून बंद. आबाजींचा जन्म बंबाच्या पाण्यावर गेला. त्यांच्या मते तापणाऱ्या पाण्याचं तोंड मोकळंच पाहिजे. मी अमरावतीच्या होस्टेलवरून सुट्टीत आलेलो. मेकॅनिकलचा म्हणून निवाडा माझ्याकडे! पुस्तकं चाळता चाळता डेनिस पापिन भेटला.

हा 1647 चा, फ्रान्समधल्या ब्लुआजवळचा. शिकला डॉक्टरकी, पण रमला पॅरिसला हॉयगेन्सच्या हवेच्या पंपात. मग लंडनला रॉबर्ट बॉईलकडे गेला. तिथे 1679 मध्ये त्याने जाड भांड्याचं झाकण घट्ट आवळून पाणी तापवलं. दाब वातावरणाच्या दुप्पट झाला की पाणी 100 ऐवजी 120 अंशांना उकळतं. त्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. 1682 मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने तसं जेवणही घातलं. पण कोंडलेली वाफ भांडं फोडणार, हे ओळखून त्याने झाकणाला भोक पाडलं, त्यावर झडप बसवली, झडपेवर दांडी आणि दांडीला वजन. दाब वाढला की झडप उचलली जाते, वाफ बाहेर. आपला सेफ्टी व्हॉल्व्ह तो हाच. आईच्या कुकरची शिट्टी त्याच घराण्यातली.

माणूस मात्र कायम परक्या गावात. प्रोटेस्टंट असल्यामुळे 1685 नंतर फ्रान्सचं दार बंद झालं. जर्मनीत मारबुर्गला प्राध्यापकी केली. तिथे 1690 मध्ये वाफेने दट्ट्या हलवायची कल्पना मांडली, न्यूकोमेनच्या इंजिनाच्या बावीस वर्षं आधी! 1707 मध्ये चाकाची होडी घेऊन फुल्डा नदीतून निघाला, तर नावाड्यांनी ती मोडून टाकली. (होडी वाफेवर चालायची असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं, ते खरं नाही.) लंडनला परतला तोवर बॉईल केव्हाच वारलेला. 1713 च्या सुमारास पापिन गरिबीतच गेला.

आता गच्ची. 200 लिटर पाणी 20 वरून 80 अंशांवर गेलं की साधारण 5 लिटरने फुगतं. उघड्या टाकीत ते पाइपमध्ये चढतं, वाफ वरून निघून जाते. बंद टाकीत सगळी भिस्त त्या एका झडपेवर. आणि आमचं पाणी खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं! जुन्या गिझरच्या नळीत पांढरा थर बोटभर जमला होता. तसा झडपेत जमला तर ती चिकटूनच बसणार, आणि दर महिन्याला गच्चीवर चढून ती उचलून बघणार कोण?

उघडी टाकी घेतली. चार फूट उंच ओट्यावर ठेवली, पाइपच्या तोंडाला फक्त जाळी लावली. बाबा शॉवरखाली अजून कुरकुरतात.