हवेवर धावणारे चाक

(हवा भरलेला टायर जगाच्या वापरात आणणारे जॉन बॉइड डनलॉप हे मुळात जनावरांचे डॉक्टर होते. घराच्या अंगणात केलेल्या एका साध्या प्रयोगाने त्यांनी चाकाचे रूप कसे बदलले आणि त्या शोधातून त्यांना काय मिळाले, ते या पाठात सांगितले आहे.)

सायकलच्या दुकानात पंक्चर काढताना तुम्ही पाहिले असेल. दुकानदार टायर सोडवतो, आतली ट्यूब बाहेर काढतो, तिच्यात हवा भरतो आणि ती पाण्यात बुडवून फिरवतो. जिथून बुडबुडे येतात तिथे भोक आहे, हे त्याला समजते. हे सगळे आपल्याला इतके ओळखीचे आहे, की चाकात हवा नसलेली सायकल आपण मनातही आणू शकत नाही. परंतु सन 1888 पूर्वीच्या सायकलींच्या चाकांत हवा नव्हतीच. तेव्हाच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी बसवलेली असे. त्याआधीच्या सायकलींना तर बैलगाडीसारखी लोखंडी धाव असे. दगडी रस्त्यावर अशी सायकल चालवणाऱ्याची हाडे अक्षरशः खिळखिळी होत.

हा त्रास कमी करणारे जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या खेड्यात झाला. त्यांचे घराणे शेतकऱ्याचे होते. जॉन यांचा जन्म दिवस पूर्ण भरण्याच्या दोन महिने आधीच झाला होता. त्यामुळे त्यांची प्रकृती नाजूक आहे, असे घरच्यांना वाटे. पुढे जॉन स्वतःही तसेच मानू लागले आणि जन्मभर प्रकृतीला जपत राहिले. प्रत्यक्षात मात्र त्यांना मोठे आजारपण कधी आले नाही आणि ते ऐंशीहून अधिक वर्षे जगले.

शेतावर वाढलेल्या जॉन यांना जनावरांची आवड होती. त्यांनी एडिनबरो शहरात पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पदवी घेऊन बाहेर पडले. सन 1867 मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी आपला दवाखाना थाटला. तो चांगलाच भरभराटीला आला. त्या काळी मोटारगाड्या नव्हत्या. माल आणि माणसे घोडागाडीतूनच जात. साहजिकच घोड्यांच्या डॉक्टरला कामाची कमतरता नव्हती.

डनलॉप यांच्या हाताला कारागिरीचीही सवय होती. आपल्या कामासाठी लागणारी रबराची लहानसहान साधने ते स्वतः तयार करीत. रबर कसे कापावे, कसे जोडावे, ते किती ताणले जाते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. हीच माहिती पुढे त्यांच्या उपयोगी पडली.

त्यांचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांवर भरीव रबर होते. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशीचे होते. त्या रस्त्यांवर सायकल चालवताना सारखे हादरे बसत आणि वेगही येत नसे. सायकल आरामात आणि वेगाने कशी धावेल, याचा विचार वडील करू लागले. दगड आणि चाक यांच्यामध्ये हवेची गादी ठेवली तर? सन 1887 मध्ये त्यांनी ही कल्पना पडताळून पाहायचे ठरवले.

त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराची नळी तयार करून ती चकतीच्या कडेभोवती बसवली. नळीवर कापडाची पट्टी गुंडाळली आणि ती बारीक चुका मारून लाकडाला पक्की केली. मग जॉनीच्या फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. हवेचे चाक तयार झाले.

आता खरी परीक्षा होती. दिसायला हे चाक काही वेगवान वाटत नव्हते. मऊ चाक जमिनीवर दबणार, मग ते हळूच चालणार, असे कोणालाही वाटले असते. कडक वस्तू घरंगळते आणि मऊ वस्तू रुतते, हा रोजचा अनुभव आहे. परंतु डनलॉप यांनी केवळ अंदाजावर विसंबून निर्णय घेतला नाही. त्यांनी जॉनीच्या सायकलचे भरीव रबराचे चाक काढून आणले. अंगणात त्यांनी दोन्ही चाके हाताने ढकलून सोडली. भरीव चाक थोडे अंतर गेले, डगमगले आणि आडवे पडले. हवेचे चाक मात्र पुढे पुढे जात राहिले. ते अंगण ओलांडून समोरच्या फाटकावर आदळले आणि उलट उसळून मागे आले.

असे का झाले असेल? खडबडीत रस्त्यावर लहान खडा चाकाखाली आला, की कडक चाकाला त्या खड्यावर चढावे लागते. चाकाबरोबर सायकल आणि स्वारही वर उचलले जातात आणि लगेच खाली आदळतात. असे क्षणोक्षणी घडते. पुढे जाण्यासाठी लावलेला जोर या वर-खाली होण्यात वाया जातो. हवेचे चाक खड्यावर चढत नाही, खडाच टायरमध्ये दबला जातो. खडा मागे पडताच आतली हवा टायरला पुन्हा मूळच्या आकारात आणते. सायकल जवळजवळ सरळ रेषेत पुढे जाते. म्हणजे मऊपणामुळे वेग कमी होत नाही, उलट खडीच्या रस्त्यावर तो वाढतो. आजही खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांसाठी तयार केलेल्या सायकलींचे टायर रुंद असतात आणि त्यांत हवा बेताचीच भरतात, ती याच कारणाने.

यानंतर डनलॉप यांनी जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. 28 फेब्रुवारी 1888 रोजी त्या सायकलची चाचणी झाली. चाचणी यशस्वी ठरली. मग त्यांनी मोठ्या सायकलला असे टायर लावून बेलफास्टच्या चेरीव्हेल मैदानावर प्रयोग केले. तिथे तर परिणाम आणखी चांगला दिसला. 7 डिसेंबर 1888 रोजी त्यांना आपल्या टायरचे पेटंट मिळाले.

परंतु अंगणातला प्रयोग लोकांनी पाहिला नव्हता. लोकांची खात्री पटली ती शर्यतीच्या मैदानावर. विल्यम ह्यूम हा बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कप्तान होता. त्याने हवेच्या टायरची सायकल घेतली आणि मे 1889 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या सामन्यांत तो उतरला. त्याच्या सायकलचे जाडजूड टायर पाहून प्रेक्षक हसू लागले. ह्यूमने चार शर्यतींत भाग घेतला आणि चारही जिंकल्या. हसणारे गप्प झाले. त्यानंतर तो इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे गेला आणि तिथेही त्याने बाजी मारली.

लिव्हरपूलला हरलेल्या स्वारांत डब्लिनचे व्यापारी हार्वे ड्यू क्रॉस यांचे मुलगे होते. मुलांची हार पाहून ड्यू क्रॉस नाराज होऊन बसले नाहीत. या टायरचे महत्त्व त्यांनी ओळखले. त्याच वर्षी डब्लिनमध्ये हवेचे टायर विकणारी कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीला दिले आणि त्याच्या बदल्यात कंपनीचे भाग घेतले.

सगळे सुरळीत चालले असताना सन 1890 मध्ये एक धक्का बसला. डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश संशोधकाने सन 1845 मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, असे उघडकीस आले. थॉमसन तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी घोडागाडीला अशी चाके लावून लंडनमध्ये प्रयोगही केले होते. गाडी ओढायला किती जोर लागतो, ते त्यांनी मोजले होते. साध्या चाकांपेक्षा हवेच्या चाकांना कमी जोर लागत होता आणि फोडलेल्या खडीवर तर हा फरक फारच मोठा होता. थॉमसन यांचे म्हणणे खरे होते, त्यांची मोजणीही खरी होती. पण तेव्हा सायकली नव्हत्या आणि पातळ, टिकाऊ रबरही सहज मिळत नव्हते. त्यांची चाके महाग पडली आणि लोक त्यांना विसरले. सन 1873 मध्ये थॉमसन वारले. डनलॉप यांना त्यांच्या कामाची काहीच माहिती नव्हती.

कंपनी मात्र बुडाली नाही. डनलॉप यांचे पहिले टायर चाकाला चिकटवलेले असत. त्यामुळे पंक्चर काढणे फार कटकटीचे होते. काढता-घालता येणाऱ्या टायरची पेटंटे इतर संशोधकांनी घेतली होती. ती कंपनीने विकत घेतली आणि धंदा वाढवला. पण डनलॉप यांचे मन आता त्यात रमेना. सन 1895 मध्ये त्यांनी कंपनीशी असलेला संबंध तोडला. पुढच्याच वर्षी ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली. त्या संपत्तीत डनलॉप यांचा वाटा नव्हता. ते डब्लिनमध्ये साधेपणाने राहिले. तिथल्या एका कापडाच्या व्यवसायात त्यांची भागीदारी होती. 23 ऑक्टोबर 1921 रोजी त्यांचे निधन झाले.

पेटंट गेले, पैसाही दुसऱ्यांकडे गेला. पण नाव मात्र राहिले. जगातल्या अनेक देशांत डनलॉप हे नाव टायरवर छापले गेले. उत्तर आयर्लंडमधील एका बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. सायकलपासून विमानापर्यंत सारी वाहने आज हवा भरलेल्या टायरवर धावतात. आपल्याकडची बैलगाडीही लोखंडी धावेऐवजी टायरवर चालू लागली आणि बैलांच्या खांद्यावरचा ताण कमी झाला. जन्मभर जनावरांची सेवा करणाऱ्या या डॉक्टरला याचाच आनंद सर्वांत अधिक झाला असता.

हवेच्या चाकाची कल्पना डनलॉप यांच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी सुचली होती, हे खरे. परंतु मऊ चाक हळू चालेल की वेगाने, हा वाद त्यांनी बोलून सोडवला नाही. त्यांनी दोन चाके घेतली, ती एकाच अंगणात सोडली आणि उत्तर त्या चाकांनाच देऊ दिले.

शब्दार्थ
धाव – गाडीच्या चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी
पशुवैद्यक – जनावरांच्या रोगांवर उपचार करण्याचे शास्त्र
पडताळून पाहणे – खरे की खोटे ते तपासणे
चुका – लहान बारीक खिळे
पेटंट – आपल्या शोधावरचा कायदेशीर हक्क

स्वाध्याय
1. सन 1888 पूर्वीच्या सायकलींची चाके कशी होती?
2. डनलॉप यांनी हवेचे पहिले चाक कसे तयार केले?
3. कडक चाक आणि हवेचे चाक खड्यावरून जाताना काय फरक पडतो?
4. थॉमसन यांचा शोध लोक का विसरले?
5. 'लोकांची खात्री पटली ती शर्यतीच्या मैदानावर,' असे लेखकाने का म्हटले आहे?
6. वाक्यात उपयोग करा : बाजी मारणे, धक्का बसणे, विसंबून राहणे.