विल्यम हेस्टी : खुर्ची सोडणारा न्यायाधीश

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण संघराज्याच्या न्यायासनावर पहिला काळा न्यायाधीश बसायला १९३७ साल उजाडावे लागले. तो मान विल्यम हेस्टी यांचा. टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे १९०४ साली जन्मलेले हेस्टी हार्वर्डमध्ये कायदा शिकले आणि हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. थर्गुड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी.

१९४० साली हेस्टी युद्धमंत्र्यांचे सल्लागार झाले. लोकशाहीसाठी लढायला निघालेल्या सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या, वैमानिकांचे प्रशिक्षण वेगळे, जखमींना द्यायचे रक्तसुद्धा वेगळे! हेस्टींचा सल्ला हवाई दलाने जुमानला नाही. आपल्याला शोभेपुरते बसवले आहे, हे ओळखून त्यांनी जानेवारी १९४३ मध्ये राजीनामा दिला आणि त्याची कारणे जाहीर केली. सैन्यातील भेदभाव मोडण्याचा आदेश ट्रुमन यांनी १९४८ साली काढला.

राजीनाम्याने हेस्टी संपले नाहीत. टेक्सासमधील काळ्यांना पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मताचा हक्क मिळवून देणारा खटला त्यांनी मार्शल यांच्यासह १९४४ साली जिंकला. १९४९ साली ते अपील न्यायालयावर गेले, १९६८ साली तिथेच मुख्य न्यायाधीश झाले. १९७६ साली त्यांचे निधन झाले.

प्रतिनिधित्वासाठी समाज लढतो, तेव्हा कुठे एखाद्याला खुर्ची मिळते. त्या खुर्चीवरून समाजाचे काम होत नसेल तर ती सोडण्याची हिंमत हवी. खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाने हेस्टी वाचावेत.