थायरॉइड वाढल्याचे निदान : क्रुप्स्काया यांचे उदाहरण

थायरॉइडचे हार्मोन वाढल्याचे नुकतेच कळले असेल, तर घाबरू नका. लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांनाही हाच आजार होता. तेव्हा त्यावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. १९१३ मध्ये बर्न येथे नोबेलविजेते सर्जन कोखर यांनी त्यांची शस्त्रक्रिया केली. तब्येतीच्या कुरबुरी राहिल्या. तरीही पुढे त्यांनी सोव्हिएत शिक्षण खात्यात अनेक वर्षे काम केले. १९३९ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज तुमच्यासाठी गोळ्या, रेडिओआयोडीन आणि शस्त्रक्रिया असे तीन पर्याय आहेत. बरे वाटले तरी गोळ्या मनाने बंद करू नका. या गोळ्यांमुळे क्वचित पांढऱ्या पेशी फार कमी होतात. म्हणून ताप आला किंवा घसा दुखला, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.