विश्लेषण : जेवणाच्या टेबलावर चांदीची रेल्वे… ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदेंना डब्यांची निवड का महत्त्वाची वाटली असावी?

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीकरांना आजही रेल्वे पकडायची तर आधी जालना गाठावे लागते. जालन्याहून मनमाडकडे जाणारी गाडी नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजवर धावत होती. रुळांची रुंदी बदलली की इंजिन, डबे, पूल, फलाट सगळेच कसे बदलावे लागते, हे या भागातील जुन्या प्रवाशांनी डोळ्यांनी पाहिले आहे. याच परिसरातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांच्या फौजेला आर्थर वेलस्लीच्या इंग्रज सैन्याकडून पराभव पत्करावा लागला. त्यानंतर शंभर वर्षांनी याच शिंदे घराण्यातील एक महाराज रेल्वेच्या वेडासाठी ओळखले जाऊ लागले. त्यांच्या दोन रेल्वेंची, एक टेबलावरची आणि दुसरी खरीखुरी, ही गोष्ट…

कोण होते माधवराव शिंदे?

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव यांचे १८८६ मध्ये निधन झाले, तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. राज्याचा कारभार काही वर्षे मंडळाकडे होता. १८९४ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. १९०० मध्ये ते इंग्रज फौजेबरोबर चीनच्या मोहिमेवर गेले. रेल्वेशी या घराण्याचे नाते मात्र त्यांच्याही आधीचे. जयाजीरावांनी १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढीच रक्कम दिली. वडिलांनी पैसा पुरवला, मुलाने स्वतःच रेल्वे बांधायला घेतली.

टेबलावरची रेल्वे कशी होती?

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील लांबलचक जेवणाच्या टेबलावर रूळ बसवलेले आहेत. त्यावर विजेवर चालणारी चांदीची छोटी गाडी फिरत असे. इंजिनामागे सात डबे आणि प्रत्येक डब्यावर इंग्रजीतील शिंदे या आडनावाचे एक-एक अक्षर. जेवणानंतर ब्रँडी, सिगार, सुकामेवा असे पदार्थ ही गाडी पाहुण्यांसमोर घेऊन येई. पाहुण्याने काचेचे भांडे उचलले की गाडी थांबे, परत ठेवले की पुढे सरके. ही गाडी १९०६ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने बनवल्याचे सांगितले जाते.

तेव्हा बाजारात आणखी कोण होते?

छोट्या रेल्वेंच्या बाजारावर त्या काळी जर्मनांचे वर्चस्व होते. गोपिंगन गावातील मार्कलिन ही १८५९ मध्ये सुरू झालेली कंपनी. तिने १८९१ मध्ये रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले आणि इंजिन, डबे, रूळ हळूहळू विकत घेऊन गाडी वाढवण्याची सोय केली. न्यूरेम्बर्गची बिंग कंपनी पत्र्याची खेळणी मोठ्या प्रमाणात बनवी. जर्मन डबे स्वस्त आणि टिकाऊ होते, पण अनेकदा एकाच साच्यातील डबा वेगवेगळ्या देशांच्या रेल्वेच्या रंगात रंगवून विकला जाई. इंग्रज गिऱ्हाइकाला त्यात आपली गाडी दिसत नसे.

विन्मन बॅसेट-लोक यांनी नेमकी हीच उणीव हेरली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी जर्मन कारखानदारांचा माल पाहिला आणि बिंगकडून इंग्लंडमधील खऱ्या गाड्यांशी मिळतीजुळती इंजिने, डबे बनवून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे नाव इंग्रज कंपनीचे, काम जर्मन कारखान्याचे. स्पर्धक वाटणाऱ्या दोन कंपन्यांचा माल एकाच छपराखाली बनू शकतो, हे तेव्हाही खरे होते.

डबा निवडताना नेमके काय पाहतात?

पहिला प्रश्न गेजचा, म्हणजे रुळांच्या रुंदीचा. तो जुळला नाही तर बाकी सगळे व्यर्थ. दुसरा प्रमाणाचा. आज एचओ आणि डबल-ओ या दोन्ही प्रकारच्या गाड्या १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर धावतात. पण एचओचा डबा खऱ्या डब्याच्या ८७ व्या हिश्शाइतका, तर डबल-ओचा ७६ व्या हिश्शाइतका असतो. दोन कंपन्यांचे असे डबे एकामागे एक जोडले तर गाडी धावेल, पण उंची डोळ्यांना खटकेल. तिसरा प्रश्न जोडणीच्या आकड्याचा, चौथा वळणाचा. लांब डबा तीव्र वळणावर रुळावरून उतरतो.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो : गाडी कशासाठी हवी? माधवरावांच्या टेबलावर खिडक्या-दारांचा हुबेहूब प्रवासी डबा निरुपयोगी होता. तिथे काचेची जड भांडी न डगमगता पेलणारा, उचलताच गाडी थांबवणारा डबा हवा होता. तसा डबा कोणाच्याही तयार मालात मिळणारा नव्हता.

ही गाडी बिघडली तर काय होई, याचाही एक किस्सा फ्रीडम ॲट मिडनाइट या पुस्तकात आहे. व्हाइसरॉयच्या मेजवानीत विजेत बिघाड झाला, गाड्या सुसाट सुटल्या आणि रस्सा पाहुण्यांच्या अंगावर उडाला, असे त्यात सांगितले आहे.

खऱ्या रेल्वेचे काय झाले?

माधवरावांची दुसरी रेल्वे प्रजेसाठी होती. राजवाड्याच्या परिसरात हौसेखातर सुरू झालेल्या दोन फुटी रुळांचा पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वेत विस्तार झाला. १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरी, १९०४ मध्ये सबलगढ, तर १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत गाडी पोहोचली. अरुंद रुळांना जमीन कमी लागते, वळणे तीव्र चालतात, पूल हलके बांधता येतात. त्यामुळे एका संस्थानाच्या तिजोरीतून शेकडो किलोमीटरचा मार्ग उभा राहिला आणि चंबळच्या दुर्गम भागातील गावे ग्वाल्हेरला जोडली गेली.

या निवडीची किंमतही मोजावी लागली. मोठ्या मार्गावरचे डबे या रुळांवर येऊ शकत नव्हते, त्यामुळे ग्वाल्हेरला माल उतरवून पुन्हा भरावा लागे. ग्वाल्हेर-श्योपूर हे सुमारे २०० किलोमीटरचे अंतर कापायला गाडीला दहा तासांहून अधिक वेळ लागे आणि डबे लहान असल्याने प्रवासी टपावर बसत. तरीही ही गाडी २०२० पर्यंत धावली, कारण त्या गावांना तीच परवडणारी होती.

आज काय स्थिती आहे?

माधवरावांचे ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये निधन झाले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. शिवपुरीत त्यांची संगमरवरी छत्री आहे. चांदीची गाडी जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात पाहता येते. श्योपूरच्या दोन फुटी मार्गाच्या जागी आता ब्रॉडगेजचे काम हाती घेण्यात आले आहे. जालन्याच्या मीटरगेजप्रमाणेच इथेही नवे रूळ म्हणजे नवे पूल, नवे फलाट आणि नवे डबे.